अँतेनाती : इटलीतील मूळ गावाचा इतिहास नोंदवहीच्या पानांतून वाचू देणारी सेवा

इटलीच्या संस्कृती मंत्रालयाचा अभिलेखागार विभाग २०११ पासून ‘अँतेनाती’ या नावाचे एक संकेतस्थळ चालवतो. देशातल्या ठिकठिकाणच्या सरकारी अभिलेखागारांत जतन केलेल्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे त्यावर ठेवलेली आहेत, आणि ज्यांचे पूर्वज इटलीतून अमेरिका, अर्जेंटिना किंवा ब्राझीलला गेले अशी माणसे आपले मूळ गाव आणि घराणे शोधण्यासाठी त्याचा आधार घेतात. कोल्हापुरात राहणाऱ्या माझ्यासारख्याचा या सेवेशी संबंध आला तो नात्यामुळे. माझ्या पुतण्याची पत्नी अमेरिकेत जन्मलेली असून तिचे पणजोबा विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण इटलीतून तिकडे गेले होते. मूळ गावाचा इतिहास जाणून घ्यावा अशी तिची फार इच्छा होती, मोडी दफ्तरे वाचण्याचा माझा छंद तिला ठाऊक होता, आणि म्हणून हे काम सूनबाईंनी व मी मिळून हाती घेतले. जुन्या नोंदींचा शोध आज आपल्याकडेही घरोघरीचा विषय झालेला असल्याने या सेवेविषयी मराठीत सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

माझे मत प्रथमच नोंदवतो. ही सेवा उत्तम आहे, आणि तिचे मोल तिच्या मांडणीत आहे. येथे पूर्वजाच्या नावाची एकटी चिठ्ठी हाती पडत नाही. त्या गावाची, त्या वर्षाची अख्खी नोंदवही समोर उघडते, आणि आपला माणूस सापडेपर्यंत त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची, सोयऱ्यांची आणि साक्षीदारांची पाने ओलांडावीच लागतात. घराण्याचा शोध घ्यायला बसलेला माणूस अशा रीतीने नकळत गावाचा इतिहास वाचू लागतो.

संकेतस्थळ वापरण्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत आणि नुसती पाने पाहण्यासाठी खातेही उघडावे लागत नाही. संकेतस्थळ इटालियनबरोबर इंग्रजीतही चालते. शोधाचे दोन मार्ग आहेत. एक, नाव टाकून शोधणे. परंतु नावांची सूची सर्व नोंदवह्यांची झालेली नाही, त्यामुळे नाव निघाले नाही म्हणजे माणूस त्या गावचा नव्हता असा निष्कर्ष कोणीही काढू नये. दुसरा मार्ग वह्या चाळण्याचा. आधी अभिलेखागार, मग कालखंड, मग गाव, मग वर्ष, आणि शेवटी जन्म, विवाह की मृत्यू, अशा पायऱ्यांनी आपण एकेका वहीपर्यंत पोहोचतो. छायाचित्रे पुरेशी मोठी करता येतात, आणि प्रत्येक वहीला कायमचा असा स्वतंत्र पत्ता दिलेला असल्याने सूनबाई अमेरिकेत आणि मी कोल्हापुरात, दोघेही एकाच पानावर बोट ठेवून बोलू शकलो. संशोधकाच्या दृष्टीने हा कायमचा पत्ता फार महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे आपण केलेले विधान दुसऱ्याला मूळ कागदावर ताडून पाहता येते.

मात्र एक गोष्ट आपण बरोबर घेऊन यावी लागते, ती म्हणजे गावाचे नेमके नाव. सूनबाईंच्या घरी ‘आपण मूळचे नेपल्सचे’ असे पिढ्यान्पिढ्या सांगत आले होते. दक्षिण इटलीतून गेलेल्या असंख्य कुटुंबांत हेच सांगितले जाते, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. मधला नेपोलियनचा काळ सोडला तर १८६० पर्यंत दक्षिण इटली नेपल्सच्या बूर्बोन राजांच्या अमलाखाली होती, आणि पुढे अमेरिकेला जाणाऱ्या अनेकांनी बोट धरली तीही नेपल्सच्याच बंदरावर. त्यामुळे परक्या देशात गावाचे नाव विचारले की डोंगरातल्या खेड्यापेक्षा राजधानीचे नाव सांगणे सोयीचे पडत असे. आम्हाला गावाचा पत्ता लागला तो पणजोबांच्या अमेरिकन नागरिकत्वाच्या कागदांतून. १९०६ नंतर त्या अर्जांचा नमुना देशभर एकसारखा झाला आणि त्यात जन्मस्थळ लिहिणे आले. तेथे मोन्तेमुर्रो हे नाव होते. बासिलिकाता प्रांतात, पोतेन्झा जिल्ह्यात, आग्री नदीच्या खोऱ्यातले हे डोंगरी गाव आहे.

पूर्वज दक्षिणेचे निघाले हे आमचे भाग्यच म्हटले पाहिजे, आणि ते का हे समजून घेतल्यावाचून या सेवेचे मूल्यमापन होणार नाही. नेपोलियनचा भाऊ जोसेफ नेपल्सच्या गादीवर असताना २ ऑगस्ट १८०६ रोजी तेथील सरंजामशाही कायद्याने रद्द झाली, आणि त्याच्यानंतर आलेल्या जोआकिम म्युराच्या काळात, १८०९ पासून, जन्म-विवाह-मृत्यूची नोंद चर्चऐवजी गावच्या प्रमुखाने करावी अशी व्यवस्था सुरू झाली. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर १८१५ मध्ये उत्तरेकडील आणि मध्य इटलीतील बऱ्याच राज्यांनी ही पद्धत मोडीत काढली. परत आलेल्या बूर्बोन राजाने मात्र ती चालू ठेवली आणि १८२० पासून सिसिलीतही नेली. इटलीचे एकीकरण झाल्यावर १८६६ मध्ये नव्या राज्याची नोंदणी पद्धत आली, तर व्हेनेतोत आणि रोममध्ये ती १८७१ मध्ये पोहोचली. त्यामुळे एरवी मागासलेल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दक्षिणेकडच्या खेड्यांतल्या सामान्य शेतकऱ्याचा कागद उत्तरेकडच्या अनेक शहरवासीयांच्या कागदापेक्षा अधिक जुना आणि अधिक सलग आहे. प्रत्येक वहीच्या दोन प्रती केल्या जात, एक गावात राही आणि दुसरी न्यायालयाकडे जाई. संकेतस्थळावर दिसतात त्या बहुतेक वह्या न्यायालयाकडून अभिलेखागारात आलेल्या या दुसऱ्या प्रती आहेत.

पान कसे असते ते सांगतो. छापील नमुना असतो आणि मोकळ्या जागा लेखनिकाने बोरूने भरलेल्या असतात. वर्ष, महिना, दिवस आणि तास अक्षरांत लिहिलेले असतात; वर्दी देणाऱ्याचे वय, धंदा आणि राहण्याची गल्ली नोंदलेली असते; दोन साक्षीदारांची हीच माहिती असते; आणि जन्माच्या नोंदीत उजवीकडच्या रकान्यात बाप्तिस्मा केव्हा झाला याची धर्मगुरूकडून आलेली नोंद असते. शेवटी बहुधा एकच वाक्य येते, की वर्दी देणाऱ्याने आपणास लिहिता येत नसल्याचे सांगितले. बापाच्या नावाआधी ‘दि’ असेल तर तो हयात, ‘फू’ असेल तर मयत, एवढी खूण लक्षात ठेवली की मृत्यूची वही न उघडताही एखादा माणूस कोणत्या दोन वर्षांच्या दरम्यान वारला हे कळू लागते. महिन्यांच्या बाबतीत मात्र नवख्याने सावध राहावे. सप्टेंबर हा महिना पुष्कळदा ७ हा आकडा आणि पुढे तीन अक्षरे अशा संक्षेपाने, ऑक्टोबर ८ ने, नोव्हेंबर ९ ने आणि डिसेंबर रोमन दहाच्या चिन्हाने लिहिलेला असतो. ही मार्चपासून सुरू होणाऱ्या जुन्या रोमन वर्षाची गणती आहे, आणि ती ठाऊक नसली तर सप्टेंबरचा जन्म जुलैत जाऊन पडतो. इटालियन भाषा न येणाऱ्यानेही अंक, महिने आणि धंद्यांची पन्नासएक नावे पाठ करावीत. छापील मजकूर तोच तोच असल्याने एवढ्या तयारीवर जन्माच्या नोंदी वाचता येतात. मोडीचे वळण ओळखण्याची सवय असलेल्या वाचकाला ही अक्षरे फार काळ अडवणार नाहीत.

सर्वांत मोलाचा भाग मला वाटला तो विवाहाच्या नोंदींबरोबर जोडलेल्या कागदांचा. बूर्बोन काळात लग्न करायचे तर वधूवरांच्या जन्माचे दाखले, आईवडील वारले असतील तर त्यांच्या मृत्यूचे दाखले आणि बाप हयात नसेल तर संमतीचा अधिकार आजोबांकडे जात असल्यामुळे, तेही नसल्यास, आजोबांच्या मृत्यूचा दाखला सादर करावा लागे. विधवेचे किंवा विधुराचे लग्न असेल तर पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखलाही हवा. १८३० च्या एका लग्नाच्या कागदांतून अशा रीतीने अठराव्या शतकात जन्मलेल्या माणसांपर्यंत जाता येते. नोंदणीच सुरू झाली नव्हती त्या काळातली ही माणसे नातवाच्या लग्नामुळे कागदावर आली.

मोन्तेमुर्रोचा इतिहास याच कागदांनी आमच्यासमोर आणला. सूनबाईंच्या मातुल शाखेतील एका बाईचे दुसरे लग्न १८५९ मध्ये झाले, आणि त्याच्या जोडकागदांत पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूची तारीख १६ डिसेंबर १८५७ अशी होती. त्या रात्री बासिलिकातात झालेल्या भूकंपाने दहा हजारांहून अधिक माणसांचे प्राण घेतले, आणि मोन्तेमुर्रो व जवळचे सापोनारा, ज्याला आता ग्रुमेंतो नोव्हा म्हणतात, ही गावे जवळजवळ जमीनदोस्त झाली. रॉबर्ट मॅलेट हे आयरिश अभियंते लंडनच्या रॉयल सोसायटीच्या साहाय्याने पुढच्याच वर्षी या भागात फिरले. भिंतींना गेलेल्या तड्यांच्या दिशा मोजून भूकंपाचे केंद्र कोठे आणि किती खोल असावे हे त्यांनी ठरवण्याचा प्रयत्न केला, आणि १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल भूकंपशास्त्राच्या पायाभूत लेखनात गणला जातो. शास्त्राच्या इतिहासात हे गाव तड्यांच्या मोजमापांसाठी नोंदले गेले आहे. गावाच्या स्वतःच्या वहीत मात्र त्याच घटनेच्या नोंदी एकेका नावाने, वयाने आणि धंद्याने येतात, आणि नंतरच्या वर्षांतल्या विवाहांत विधवा आणि विधुर भेटत राहतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा धक्का आमच्या पिढीला आठवतो, त्यामुळे ती पाने मी घाईने उलटू शकलो नाही. अभ्यासकाने या वह्यांकडे भूकंपाच्या आधीची दहा वर्षे आणि नंतरची दहा वर्षे अशा दृष्टीने पाहावे. कोणती आडनावे उरली, कोणत्या गल्लीचे नाव पुन्हा येत नाही, बाहेरगावचे किती जावई आणि कारागीर येऊन राहिले, हे सारे तेथे मिळते.

पुढचा इतिहास गाव सोडून जाणाऱ्यांचा आहे. १८६० नंतरच्या दशकांत बासिलिकातातून अमेरिका खंडाकडे इतकी माणसे गेली की प्रांताची लोकसंख्या घटली. १९०२ मध्ये पंतप्रधान जुझेप्पे झानार्देल्ली या भागाच्या पाहणीसाठी आले, तेव्हा शेजारच्या मोलितेर्नो गावाच्या प्रमुखाने त्यांचे स्वागत आठ हजार गावकऱ्यांच्या वतीने केले, ज्यांतले तीन हजार अमेरिकेत आहेत आणि बाकीचे पाच हजार जाण्याच्या तयारीत आहेत, असे सांगून. १९०४ मध्ये या प्रांतासाठी खास कायदाही झाला. सूनबाईंचे पणजोबा गेले ते या लाटेत, आणि त्यांचा १८८८ चा जन्म, त्यांच्या तीन भावंडांचे लहानपणीचे मृत्यू आणि बापाचा ‘मजूर’ हा धंदा एकापाठोपाठ वाचल्यावर ते का गेले असतील हे वेगळे विचारावे लागत नाही. आजच्या मोन्तेमुर्रोची ओळख कवी आणि अभियंता लेओनार्दो सिनिस्गाल्ली यांचे जन्मगाव अशी आहे. ते १९०८ मध्ये तेथे जन्मले. गावालगत पेर्तुझिल्लोचा जलाशय आहे, ज्याचे पाणी शेजारच्या पुल्या प्रांताला पिण्यासाठी जाते, आणि जवळच ग्रुमेंतुम या रोमन शहराचे अवशेष आहेत. गावाला भेट देऊ इच्छिणाऱ्याने हे सर्व पाहावे, पण आधी वह्या वाचाव्यात आणि मग जावे.

या नोंदींचा एक गुण मला फार भावला. इटलीत लग्नानंतरही बाई कागदोपत्री माहेरच्याच आडनावाने ओळखली जाते, जन्मापासून मृत्यूपर्यंत तिचे नाव बदलत नाही, आणि त्यामुळे आईकडची शाखा बापाकडच्या शाखेइतकीच सहज मागे नेता येते. आपल्याकडे कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागांत हेळवी आपल्या वह्या घेऊन घरी येतात, मूळ गाव, कुळ आणि पिढ्या वाचून दाखवतात, नव्या मुलांची नावे चढवतात आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जातात. त्या परंपरेविषयी मला अतिशय आदर आहे, कारण सरकारी कागद जेथे पोहोचला नाही तेथे तिने घराण्यांची स्मृती जपली. परंतु त्या वंशावळीत लेकी आणि सुना क्वचितच नावानिशी येतात, आणि माझ्या स्वतःच्या घराण्यातल्या आजीच्या आईचे माहेर मला कोणत्याही वहीत सापडलेले नाही. मोन्तेमुर्रोच्या मजूर घरातल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईचे माहेर, तिच्या आईचे माहेर आणि तिच्याही आईचे माहेर मला सांगता येते.

तुलनेसाठी आम्ही वार्षिक वर्गणी घेणारे एक खासगी संकेतस्थळही वापरून पाहिले. तेथे नाव टाकताच भराभर उत्तरे येतात आणि तयार वंशवृक्षही जोडून मिळतात. पण त्यातल्या एका वृक्षात भूकंपात वारलेल्या माणसाला १८६१ मध्ये मूल झाल्याचे दाखवले होते, कारण त्याच नावाचा त्याचा चुलत भाऊ कोणीतरी त्याच्या जागी बसवला होता. पहिल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत तिकडेही आहे, त्यामुळे एका पिढीत एकाच नावाआडनावाचे चार-पाच चुलत भाऊ निघतात आणि त्यांना वेगळे करायला बापाचे नाव, वय आणि धंदा तिन्ही पाहावे लागतात. तयार उत्तराने हा पाहण्याचा भागच निघून जातो. ज्याला केवळ दोन-तीन पिढ्यांची नावे हवी आहेत त्याला अशी वर्गणी सोयीची वाटेल. गावाचा इतिहास हवा असेल तर माझी शिफारस निःसंशय सरकारी वह्यांचीच राहील.

अँतेनातीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सर्व जिल्ह्यांच्या सर्व वह्या तेथे नाहीत, आणि गावागणिक वर्षांमध्ये खंड पडलेले दिसतात. खासगीपणाच्या कारणाने अलीकडच्या सात दशकांतले जन्म तेथे मिळणार नाहीत. १८०९ पूर्वीचा काळ पाहायचा तर चर्चच्या वह्यांकडे वळावे लागते. १५६३ मध्ये त्रेंतोच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि विवाहांच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले होते, पण त्या वह्या बहुतेक ठिकाणी त्या त्या चर्चकडे किंवा बिशपच्या कचेरीत आहेत. काही कागद कायमचेच गेले. ३० सप्टेंबर १९४३ रोजी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नेपल्सच्या अभिलेखागारातले, सुरक्षिततेसाठी सान पाओलो बेल सीतो येथे हलवलेले, मध्ययुगापासूनचे दस्तऐवज जाळले. ती हानी कोणतेही संकेतस्थळ भरून काढू शकत नाही. वह्या दोन ठिकाणी ठेवण्याचे आणि त्यांची छायाचित्रे करून ठेवण्याचे महत्त्व अशा वेळी कळते. आपल्या शहरानेही २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरलेले पाहिले आहे.

इटलीशी कोल्हापूरचे नाते जुने आहे. युरोपच्या प्रवासाहून परतताना छत्रपती राजाराम महाराजांचे ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे निधन झाले, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, आणि १८७४ मध्ये तेथे उभी राहिलेली छत्री आजही आहे. तिचा आराखडा ज्या चार्ल्स मँट यांनी केला त्यांनीच आपला नवा राजवाडा आणि टाऊन हॉल उभारला. महाराजांच्या निधनाच्या वेळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती आणि नव्या राज्याची नोंदणी पद्धत सुरू होऊन अवघी चार वर्षे झाली होती. त्या पद्धतीच्या वह्या आज जगातल्या कोणालाही घरबसल्या पाहता येतात. आपल्याकडे २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी गाव नमुना १४ व कोतवाल बुके ही गावच्या जन्म-मृत्यूची नोंदपुस्तके आणि संस्थानकाळातली मोडी दफ्तरे प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर उघडली गेली, पण प्रत्येकाने शोधली ती आपल्या आडनावाची एक ओळ. कोल्हापूर पुरालेखागारातील आणि तहसील कचेऱ्यांतील या वह्या तालुका, गाव आणि वर्ष अशा क्रमाने, अख्ख्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लोकांसमोर आल्या पाहिजेत. नावांची सूची मागाहून होईल. इटलीतही ती अजून होतेच आहे. आधी पाने यावीत.

वापरू इच्छिणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. पूर्वजांच्या आधारे इटलीचे नागरिकत्व मिळवण्याचे नियम २०२५ मध्ये कडक झाले असून सामान्यतः आईवडील किंवा आजीआजोबा यांच्यापलीकडच्या पूर्वजाच्या आधारे ते आता मिळत नाही, त्यामुळे त्या हेतूने पणजोबा शोधणाऱ्याने आधी कायदा तपासावा. संकेतस्थळावरचे छायाचित्र हा अभ्यासाचा पुरावा आहे. कायदेशीर दाखला हवा असल्यास तो गावच्या ग्रामपालिकेकडूनच मागवावा लागतो. पत्र इटालियनमध्ये आणि थोडक्यात असावे, आणि त्यात पूर्वजाचे जन्माच्या वेळचे पूर्ण नाव, आईवडिलांची नावे, वर्ष आणि शक्य तर वहीतला नोंदक्रमांक द्यावा. हा क्रमांक छापील पानाच्या वरच्या बाजूस असतो, आणि तो दिला की तेथील लेखनिकाला वही शोधत बसावे लागत नाही.